एका ओळीत दोघी

वृषालीच्या पापण्या आधी थकल्या. मग हात थकले, मग घरचा जिना लांबला.

पापण्यांचं कळलं ते ऑफिसात. साल दोन हजार एक्केचाळीस. सोलापूरच्या सांधणी केंद्रात ती अठरा वर्षं प्रश्नकार होती. शेजारच्या टेबलावर शफीक तांबोळी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "ताई, झोप झाली नाही काय? डोळे अर्धेच उघडलेत."

"पूर्ण उघडलेत, सर. आता एवढेच उघडतात."

तांबोळी हसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

सांधणी म्हणजे काही जादू नव्हती. सरकारदरबारी तक्ते पूर्वीपासून होतेच. जन्माचा तक्ता, शाळेचा, रेशनचा, दवाखान्याचा. प्रत्येक तक्त्यात माणसामागे एक ओळ. पण एका गावात राहूनही बोलणं नसलेल्या भावकीसारखे हे तक्ते आपापल्या घरात बसून असायचे. सांधणीनं त्यांना एका ओट्यावर आणलं. दोन तक्त्यांत एखादी खूण सारखी निघाली, क्रमांक म्हणा, नाव-गाव म्हणा, की त्या ओळी एकमेकींना बांधायच्या. बांधत बांधत माणूस उभा राहतो. कुठे जन्मला, काय शिकला, कशानं आजारी पडला, कुणाचा कोण. यंत्राला मराठीत विचारलेलं कळायचं. मात्र काय विचारायचं, हे माणसालाच ठरवावं लागे, आणि त्यासाठीच वृषालीला पगार होता.

नव्या मुलींना ती पंगतीवरून शिकवायची. "मुलीकडची एक रांग बसलीय, मुलाकडची समोर. आता तुम्ही म्हणालात की ज्याच्यासमोर जोडीदार आहे त्यालाच वाढा, तर एकटी आलेली आत्या उपाशी उठेल. आणि वाईट म्हणजे कुणाला कळणारही नाही, कारण यादीत तिचं नावच येणार नाही. म्हणून आधी आपली रांग पूर्ण बसवा. समोरचं पान रिकामं राहिलं तर राहू दे. माणूस उठवू नका."

"आणि रिकाम्या पानाचा अर्थ काय लावायचा, मॅडम?"

"काहीच नाही लावायचा. रिकामं म्हणजे 'नाही' असं नव्हे. रिकामं म्हणजे 'ठाऊक नाही'."

---

डॉ. मैंदर्गी हळू बोलायच्या. वृषालीची आई, रोहिणीबाई, खुर्चीच्या कडेवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"पेशीपेशीत एक चूल असते म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. "तंतुकणिका म्हणतात तिला. खाल्लेल्या अन्नाची शक्ती तिथे होते. तुमच्या चुली विझत चालल्यात. जिथे काम जास्त, तिथे आधी. पापण्या दिवसभर उघडझाप करतात, म्हणून त्या पहिल्या."

"आईला असं काही नाही," वृषाली म्हणाली.

"नसणारच. हा बिघाड तुमच्यात सुरू झालाय, तुम्ही पोटात असताना. पण उपाय मात्र आईच्याच वाटेवर आहे. चूल माणसाला फक्त आईकडून मिळते. बापाचं नाक येईल, उंची येईल, चूल येत नाही. आता आम्ही निरोगी माणसाच्या तंतुकणिका काढून रुग्णाच्या शरीरात सोडतो. वर्षभरात ताकद परत येते. पण शरीर त्यांना घरात घेतं ते आपल्या वंशाच्या असल्या तरच. परक्या असल्या तर पंधरा दिवसांत बाहेर काढतं."

"म्हणजे कुणाच्या चालतील?"

"आई, आईची आई, तिची आई, या वाटेवरचं कुणीही. मावशी चालेल, मावशीची मुलं चालतील. मामा स्वतः चालेल, कारण त्यालाही चूल आईनंच दिली. मामाची मुलं नाही, त्यांना ती मामीकडून मिळाली. आणि वय पंचावन्नच्या आत हवं, नाहीतर तंतुकणिकाच म्हाताऱ्या निघतात. आई बासष्टच्या आहेत, म्हणजे त्यांचं नाही चालणार."

वृषालीनं आईकडे पाहिलं. वृषालीचं बोट कापलं तरी स्वतःचं बोट चोखणारी ही बाई. 'वयाला काय आग लागली, माझंच घ्या,' असं ती म्हणेल असं वृषालीला वाटलं होतं. आई पिशवीच्या बंदाला गाठ मारत राहिली.

"आणि काहीच नाही केलं तर?" वृषालीनं विचारलं.

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "दोन वर्षांत चालणं अवघड होईल. मग गिळणं. मग हृदयाचं सांगता येत नाही."

रिक्षात आई म्हणाली, "तुझ्या ज्ञानोबामामाला फोन लावते. येतोय त्यो."

---

दात्याचं नातं यंत्रानं दाखवायला हवं असा नियम होता, म्हणून वृषालीनं स्वतःच्याच नावानं प्रश्न टाकला. माझ्या आईची सख्खी भावंडं, वय पंचावन्नच्या आत.

एक ओळ आली. ज्ञानोबा, वय बावन्न. खात्री: शंभर टक्के.

ज्ञानोबामामा दुसऱ्या दिवशी हुरड्याचं गाठोडं घेऊन दवाखान्यात हजर. नर्सला म्हणाला, "काढा की बाई, लागल तेवढं काढा. भाचीला कमी पडाया नगं." मग वृषालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "वृषे, तू शाळेत असताना तुला सायकल शिकवली तवा माझंच गुडघं फुटलं हुतं. रक्त तवाच दिलंय तुला."

नमुना घेताना आई खोलीबाहेर होती. देवाचं नाव घेत होती की नुसतेच ओठ हलत होते, कळलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. "वृषाली, हा तुमच्या आईच्या वंशातला माणूस नाही."

"सख्खा मामा आहे."

"यंत्र तसंच म्हणतंय. पेशी नाही म्हणतायत. आम्ही दोनदा केली तपासणी."

मामाला सांगितल्यावर तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. "माघारी आलं म्हणायचं माझं रक्त," एवढंच म्हणाला, आणि बहिणीकडे न बघता संध्याकाळच्या गाडीनं गेला.

---

वृषालीनं आईची ओळ उघडली. अठरा वर्षं लोकांच्या आया उघडल्या होत्या, आपली कधी उघडली नव्हती.

रोहिणी भास्कर ताकभाते. मूळ गाव खडकवाडी. पती वायरमन. रेशनकार्डावर नाव चढलं सत्त्याण्णव साली. नव्व्याण्णव साली बार्शीच्या दवाखान्यात बाळंतपण, मुलगी. रक्तगट बी. उंची चार फूट अकरा इंच. पुढे सोलापूरला बदली, पत्ता बदलला. दोन हजार सव्वीस साली पित्ताशयाचं ऑपरेशन, संमतीवर भावाची सही, ज्ञानोबा. रक्तगट ओ. उंची पाच फूट तीन.

"सर, जरा इकडे बघता?"

तांबोळींनी चष्मा वर केला. "सासरी येऊन चार इंच उंच झाल्या म्हणा आईसाहेब. सोलापूरचं पाणी मानवलं."

वृषाली हसली नाही. तांबोळींनी मग खुर्ची ओढली.

"दोन रक्तगट असताना यंत्रानं हरकत का नाही घेतली?" तिनं विचारलं.

"साफसफाईचा नियम. रेशनकार्ड एक, नाव एक, नवरा एक, म्हणजे माणूस एक. मग रक्तगट वेगळा आला तर तो कारकुनाची चूक समजायचा आणि बाजूला टाकायचा. असल्या चुका लाखांनी असतात. नियम आपणच लिहिला होता, ताई. तुम्ही अन् मी. अठ्ठावीस साली."

आठवलं तिला. त्या दिवशी दोघांनी मिसळ खाल्ली होती.

"खूण चुकली," ती म्हणाली. "आपण रेशनकार्डाला माणूस समजलो."

ओळीच्या शेवटी एक चौकट होती: मृत्यूची तारीख. ती रिकामी होती. जिवंत माणसाची ती रिकामीच असते, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

"असं किती जणींचं असेल?" तांबोळींनी विचारलं. "एक ओळ, दोन रक्तगट, पहिला बाळंतपणातला."

प्रश्न टाकला. एकट्या जिल्ह्यात तेराशे अठरा. तेराशे अठरा घरांत एक बाई गेली आणि दुसरी आली. कागदाला धक्का लागला नाही. यंत्राच्या लेखी कुणी गेलंच नव्हतं.

तांबोळींनी पडद्याचा उजेड कमी केला, झोपलेल्या माणसाच्या खोलीत दिवा कमी करावा तसा.

---

तीन दिवस तिनं आईला विचारलं नाही.

विचारायचं तरी काय? आई शेपू निवडायची, काड्या एकीकडे, पानं एकीकडे, आणि वृषाली तिच्या हातांकडे बघत राहायची. याच हातांनी वेणी घातली. याच हातांनी गणिताचं पुस्तक फाटलं तेव्हा भाताच्या शितांनी चिकटवलं. आता 'तू कोण?' असं विचारलं, तर हे हात थांबतील. थांबलेले हात पुन्हा चालू होतील की नाही, याचं उत्तर कुठल्या तक्त्यात नव्हतं. त्यापेक्षा पापण्या मिटल्या तर मिटू देत, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. वृषाली म्हणाली, "शोध चालू आहे." फोन ठेवताना तो हातातून निसटला आणि तिला वाकून उचलता येईना. आईनं उचलून दिला.

मग आईनं स्टूल ओढलं. माळ्यावर चढली. जुन्या गोधड्यांमागून तिनं स्टीलची एक कळशी काढली, पदरानं पुसली आणि वृषालीच्या समोर ठेवली. ही कळशी घरात होती हे वृषालीला ठाऊकच नव्हतं. गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, पूर्वी लग्नात भांड्यांवर नावं घालायचे तशी.

'चि. सौ. कां. मंदाकिनी हिस धाकटी बहीण उज्ज्वला हिजकडून. निंबोणी. ११-५-१९९७.'

"मंदाकिनी कोण?" वृषालीनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"तुझी आई." आई खाली बसली, भिंतीला टेकून. "सासरी तिचं नाव रोहिणी ठेवलं. तू अकरा म्हयन्यांची असताना ती तापानं गेली. चार म्हयन्यांनी मी आले. ताटात तांदूळ पसरलं, तुझ्या बापानं अंगठीनं नाव काढलं. रोहिणी. भटजीनं वर बघितलं. सासूबाई म्हनल्या, रेशनकार्डावर नाव हायच, कशाला तालुक्याला खेटं घालायचं. तेच ऱ्हाऊ द्या. मग तेच ऱ्हायलं."

"आणि मृत्यूची नोंद?"

"नाव माझं झालं की. मग ती मेली असं कोण लिहील?"

वृषाली कळशीवरची अक्षरं बोटानं चाचपत राहिली.

"मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज सांगत हुते," आई म्हणाली. "तुला निजवताना काय म्हनायचे मी?"

वृषालीला ते पाठच होतं. कळायच्या आधीपासून पाठ. तिनं पुटपुटून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द ऐकले:

*परक्या वेलीची गं कळी, माझ्या पदरात आली*
*नाव तिच्या आईचं गं, मी बी अंगावर ल्याली*

"मला वाटायचं, नुसतं गाणं आहे."

"त्येच बरं वाटायचं मला. सांगितलं बी, आन् कळलं बी न्हाय." आईनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "पन अजून एक हाय, वृषा. त्ये गान्यात न्हाय. तुझी आज्जी तुला बघायला आली हुती. मंदाची आई. संगं ही उज्ज्वला, बारकी, परकर घातल्याली. घरात मी एकलीच. तू माझ्या कडेवर. मला वाटलं, ही म्हातारी तुला घिऊन जानार. मी आतनं कडी लावली. त्या दोघी दुपारभर ओट्यावर बसून ऱ्हायल्या. मी तुझ्या तोंडावर हात धरला, रडशील म्हनून. ऊन उतरलं तशा गेल्या. मग तुझ्या बापाला म्हनलं, बदली मागा. लांबची मागा."

शेपूची जुडी ताटात सुकत होती.

"मामाला का पाठवलंस मग?"

"मला काय ठावं? वाटलं, चाळीस वर्सं माझ्या हातचं खाल्लंस. काईतरी माझं तुझ्यात गेलं आसंल."

वृषाली सरकत सरकत आईपाशी गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. बसून राहायचं बळ संपलं होतं, आणि तसं सांगण्यापेक्षा हे सोपं होतं.

---

ऑफिसात तिनं नवा प्रश्न लिहिला, आणि या वेळी आईच्या ओळीला हातच लावला नाही. सुरुवात निंबोणीच्या शाळेपासून केली. जुन्या पटावर मंदाकिनी होती, सातवी पास. तिच्यापासून अकरा वर्षांच्या अंतरानं, त्याच बापाचं नाव लावणारी उज्ज्वला. इथून पुढे लग्नाचा ओढा आडवा येतो. ओढ्यापलीकडे बाईचं बापाचं नाव जातं, आडनाव जातं, गाव जातं, कधी कधी तिचं स्वतःचंही नाव जातं. अलीकडच्या खुणेनं पलीकडे शोधणाऱ्याला उत्तर मिळतं शून्य ओळी. यंत्र मामा पटकन सांगतं आणि मावशीपाशी अडखळतं, ते यामुळेच.

पण उज्ज्वलाचं लग्न दोन हजार अकरा साली झालं होतं, आणि त्याच्या वर्षभर आधी तिनं आधारकार्ड काढलं होतं. नाव बदललं, क्रमांक बदलला नाही. ती हातात क्रमांक धरून ओढा ओलांडून गेली. मंदाकिनीच्या नशिबी असा क्रमांक आला नव्हता.

एक ओळ आली. उज्ज्वला सुभाष वीर. करमाळा. अंगणवाडी सेविका. वय त्रेपन्न.

"आता नियमाप्रमाणे त्यांना संमतीची चिठ्ठी जाईल," तांबोळी म्हणाले. "फोनवर. 'आपल्या मातृवंशातील रुग्णास...' वगैरे. हो की नाही दाबायचं."

संध्याकाळी आईला हे सांगितलं, तर तिनं मान हलवली. "चिठ्ठी नगं. दार मी लावलं हुतं. वाजवायला मीच जाते."

---

उज्ज्वला वीरचं घर बस स्टँडपासून जवळ होतं. अंगणात कढीपत्ता, दारात लहान मुलांनी खडूनं काढलेले हत्ती. तिनं दार उघडलं तेव्हा हातात पोषण आहाराच्या नोंदींचा टॅब होता.

"लसीकरणाचं असेल तर उद्या अंगणवाडीत या," ती म्हणाली, आणि मग वृषालीच्या चेहऱ्यावर थबकली. अर्ध्या मिटल्या पापण्यांखालीसुद्धा तिला काहीतरी दिसलं असावं. तिचा हात चौकटीवर गेला.

"मी खडकवाडीच्या भास्कर वायरमनच्या घरची," आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तवा कडी लावली हुती ती मी. ही तुमच्या मंदाची पोर. आजारी हाय. तुमच्याकडं मागाया आलोय. न्हाय म्हनला तरी बसून ऱ्हानार न्हाय, जाऊ."

उज्ज्वलानं त्यांना आत या म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

"मी बारा वर्षांची होते," ती म्हणाली. "आत बाळ हुंदका देतंय ते ऐकू येत होतं. आई म्हणाली, झोपलं असेल, उठू दे. आम्ही उठायची वाट बघत बसलो. आईनं बाळासाठी काजळाची डबी आणलेली. ती परत आणली. मरेपर्यंत ठेवली."

"माझा हात हुता तिच्या तोंडावर," आई म्हणाली.

"कळलं होतं मला. आईला नाही सांगितलं."

आत कुकरची शिट्टी झाली. उज्ज्वला गेली, गॅस बंद करून परत आली. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज अंगणवाडीतल्या बाईंचा झाला होता, खणखणीत. "काय आजार आहे? कागद आणलेत का? आणि उभ्या का तुम्ही दोघी, तिला बसवा आधी, पाय बघा कसे थरथरतायत."

तिनं सगळे कागद चष्मा लावून वाचले. तंतुकणिकांचं चित्र दोनदा पाहिलं. "म्हणजे आईची चूल," ती म्हणाली. "माझ्यातही तीच, हिच्यातही तीच. मंदाताईतही होती."

"हो," वृषाली म्हणाली.

"स्वयंपाक मात्र मंदाताईला येत नव्हता. पिठलं करपवायची." ती पहिल्यांदा हसली. मग आईकडे वळली. "तुमचं नाव काय?"

"रोहिणी."

"रोहिणी माझ्या बहिणीचं सासरचं नाव. मी तुमचं विचारते."

आईनं वृषालीकडे पाहिलं. वृषालीलाही ठाऊक नव्हतं. मामा नेहमी 'आक्का'च म्हणायचा.

"झुंबर," आई म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा, "झुंबर म्हनायचे."

---

नमुना जुळला. डॉ. मैंदर्गींनी फोनवर नुसतं "आल्या" एवढंच म्हटलं, पाहुणे वेशीपाशी दिसावेत तसं.

तंतुकणिका काढायच्या दिवशी उज्ज्वला एका पलंगावर आडवी होती, वृषाली शेजारच्या. मध्ये स्टुलावर आई. नर्सनं संमतीचा टॅब फिरवला. दात्याची सही, रुग्णाची सही. मग साक्षीदार.

आईनं बोट टेकवलं आणि थांबली. इतकी वर्षं ती रोहिणी अशी सही करत आली होती, सराईत, एका दमात. आज तिनं हळूहळू, चौथीच्या वहीतल्यासारखं, एकेक अक्षर सोडवत लिहिलं: झुंबर.

टॅबवर लाल पट्टी आली. या नावाची व्यक्ती नोंदीत आढळत नाही.

"आजी, कार्डावरचं नाव लिहा," नर्स म्हणाली. "नाहीतर पुढे जाणारच नाही हे."

आईचं बोट परत टॅबवर गेलं. वृषालीनं ते धरलं. "थांब," ती म्हणाली, आणि तांबोळींना फोन लावला. "सर, त्या ओळीच्या दोन ओळी करायच्यात. आत्ता. दवाखान्याचं प्रमाणपत्र सकाळीच पाठवलंय मी."

"आलंय. तुमच्या फोनची वाट बघतोय," तांबोळी म्हणाले. स्पीकरवर त्यांच्या बोटांचा टकटकाट ऐकू येत होता. "पहिली ओळ मंदाकिनी. मृत्यूचं साल भरलं. झोपू दे बिचारीला. आता दुसरी. झुंबर. आईसाहेब, जन्मगाव सांगा."

"बोरखेड."

"वडील?"

"किसन."

"आईचं नाव?"

"सखू."

"लग्नाचं साल दोन हजार. पती भास्कर. अपत्ये किती?"

आई गप्प झाली. तांबोळींना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. नर्स घड्याळाकडे बघत होती. वृषालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे तिनं सांगून चालणार नव्हतं. आई उज्ज्वलाकडे बघत होती, कडी काढून दाराच्या फटीतून बघावं तशी.

उज्ज्वलाच्या दंडाला पट्टा बांधलेला होता, शीर फुगली होती.

"एक म्हणा की," ती म्हणाली. "किती वेळ लावता, हात बधिर झाला माझा."

"एक," झुंबर म्हणाली. "लिवा. मुलगी. वृषाली."

टॅबवरची पट्टी हिरवी झाली. नर्सनं सुई हातात घेतली.